शैली ठरली नाही, तर शिकवायला जावं का?

प्रश्न विचारणारा मुलगा २५ वर्षांचा, सांगलीकडचा. जी. डी. आर्ट (चित्रकलेची सरकारी पदविका) होऊन तीन वर्षं झाली. कॉलेजात जलरंगातली निसर्गचित्रं करायचा, त्यातली एक-दोन प्रदर्शनात लागली, एक विकलंही गेलं. गेल्या वर्षभरात जलरंग सुटले, ॲक्रिलिक आलं. घाट, देवळं, झाडं गेली आणि सपाट रंगांचे मोठे आकार आले. घरचे म्हणतात, डिप. ए. एड. (कलाशिक्षकाची पदविका) करून टाक आणि शाळेत नोकरीला चिकट. गावातल्या एका क्लासने शनिवार-रविवारी मुलांना शिकवायला बोलावलंय. तो लिहितो, "मॅडम, माझीच शैली अजून ठरलेली नाही, मी मुलांना काय शिकवणार? आणि एकदा शिकवण्यात अडकलो की चित्र सुटतं, असं सगळेच म्हणतात." सोबत १२ चित्रांचे फोटो, तारखांसकट.

तारखा घातल्यास हे फार बरं केलंस. मी फोटो मोबाइलवर बघितले नाहीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणले आणि जेवणाच्या टेबलावर क्रमाने मांडले. दोन दिवस ते तिथेच होते, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

पहिलं चित्र वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं. (मेणवलीचा घाट न केलेला जलरंगवाला पश्चिम महाराष्ट्रात सापडला तर त्याचा नारळ देऊन सत्कार करायला हवा.) शेवटचं गेल्या महिन्यातलं, गेरू आणि निळ्याचे पट्टे. लांबून बघणाऱ्याला वाटेल, ही दोन वेगळ्या माणसांची चित्रं आहेत. पण १२ पैकी ९ चित्रांत खालचा डावा कोपरा तू मोकळा सोडला आहेस. घाटावर तिथे कोरा कागद आहे, बैलगाडीच्या चित्रात नुसती धूळ आहे आणि ॲक्रिलिकच्या चित्रांत तिथे एक पांढुरका आकार नुसता पडून आहे. बघणारा तिथून आत शिरतो. शिवाय तुझं क्षितिज कायम वर असतं, पार वरच्या चौथाईत. आकाशाला तू फारशी जागा देत नाहीस. हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही, कारण शिकवलेलं असतं तर ते प्रत्येक चित्रात सारखंच नीटनेटकं आलं असतं. तुझ्याकडे ते कधी जमलंय, कधी फसलंय, पण येतंच आहे. तेव्हा शैलीची काळजी सोड. तू माध्यम बदललंस, विषय बदललास, तरी तो कोपरा तुझ्यामागून आला.

खटकलं ते वेगळंच. ॲक्रिलिकची पाचही चित्रं एक टोन जड, म्हणजे हवी त्यापेक्षा एक पायरी गडद आहेत आणि त्यातले उजळ रंग खडूसारखे कोरडे दिसतात. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून आपला हात सवयीने थोडा गडद लावतो. ॲक्रिलिक उलट, वाळताना गडद होतं. तुझा हात अजून जलरंगाचाच हिशेब करतोय. आणि जलरंगात उजेड कागदाचा असतो, तो आपण राखून ठेवतो. ॲक्रिलिकमध्ये तू तोच उजेड पांढरा मिसळून आणायला बघतोस, म्हणून रंग पिठूळ होतात. एका पट्टीवर रंगाचे ठिपके दे, पूर्ण वाळू दे, मग त्याच रंगाचा ओला ठिपका शेजारी देऊन बघ. आठवड्याभरात हात बदलेल. ज्याला तू शैलीचं संकट म्हणतोस त्यातलं निम्मं या पट्टीवर सुटेल.

उरलेलं निम्मं एका प्रश्नात आहे आणि त्याचं उत्तर मला नको, तुझं तुलाच दे. घाट का सुटला? कंटाळा आला म्हणून, की मोबाइलवर रोज जी सपाट रंगांची चित्रं दिसतात त्यांना जास्त बदाम मिळतात म्हणून? पहिलं कारण असेल तर उत्तम. दुसरं असेल तरी बिघडलं काही नाही, फक्त ते ठाऊक असावं.

आता शिकवण्याचं. मी ३१ वर्षं शिकवलं. पहिली ९ शाळेत, ड्रॉइंगच्या बाई म्हणून, आणि बाकीची कलामहाविद्यालयात. त्यातली एक फजिती आधी सांगते, म्हणजे पुढचं मी का सांगतेय ते कळेल.

कॉलेजात लागले तेव्हा मी माझ्या जलरंगांच्या ऐन भरात होते. सावल्यांसाठी अल्ट्रामरीन निळ्याचं आणि क्रिमझन लालचं एक मिश्रण मला सापडलं होतं. भर दुपारची जांभळी सावली, पाण्यात सोडली की आपोआप पसरणारी. सापडलं म्हणजे काय, नुकतंच सापडलं होतं, अजून मलाही त्याचं पुरतं कळलेलं नव्हतं. पण उत्साह इतका, की दर आठवड्याला मुलांसमोर डेमो. मुलं तोंडाचा आ करून बघायची आणि मला त्याचं भारी वाटायचं. वर्षअखेर वर्गाचं प्रदर्शन लावलं. एक ज्येष्ठ चित्रकार बघायला आले होते. सावकाश, काठी टेकत, एकेक चित्र बघत गेले. दाराशी आल्यावर म्हणाले, "बाई, चित्रं बावीस आहेत. चित्रकार एकच आहे."

मी परत आत जाऊन बघितलं. बावीसही चित्रांत माझी जांभळी सावली. पावसाळी चित्रातसुद्धा, जिथे ऊनच नव्हतं.

त्यातून मी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. जे मला पचलंय ते वर्गात, जे अजून शोधतेय ते घरी. पचलेल्या गोष्टीचा आपल्याला मोह उरलेला नसतो, म्हणून ती मुलाला देऊन आपण बाजूला होऊ शकतो. शोधत असलेली गोष्ट आपण देत नाही, तिचा प्रचार करतो. वर त्या बावीस जणांनी ती सावली वर्षभरात इतकी वापरून जुनी केली, की मलाही ती बघवेना. म्हणजे मुलांचंही नुकसान आणि माझंही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचा पहिला भाग मला उलटा वाटतो. शैली ठरलेली नाही म्हणून शिकवू नये, असं नाही. शैली ठरलेला, त्यावर खूश असलेला माणूस वर्गात जास्त घातक. तुला तुझ्या गेरू-निळ्याचं अजून काही ठाऊक नाही, तर ते मुलांना दाखवू नकोस, संपलं. जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा पसरता हात), वस्तुचित्रातली मापं, टोन बघणं, हे तुला पचलेलं आहे. तेवढ्यावर पहिली दोन वर्षं आरामात निघतील.

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांचं उदाहरण मी या बाबतीत नेहमी देते. जन्म १९१०चा, इंदूरचा. दत्तात्रय दामोदर देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. पुढे काश्मीरमध्ये काही वर्षं राहून निसर्गचित्रं केलेली. १९५० साली ते बडोद्याला नव्या ललितकला विभागात चित्रकला शिकवायला गेले, तेव्हा त्यांच्या हातात निसर्गचित्रकार म्हणून कमावलेलं नाव होतं. त्याच नावावर त्यांना उरलेलं आयुष्य काढता आलं असतं. पण शिकवण्याच्या त्या १६ वर्षांत त्यांची स्वतःची चित्रं घनवादाकडे, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडण्याकडे गेली, अमूर्ताकडे गेली. १९६६ साली बडोदं सोडून मुंबईला आल्यावर ते परत माणसांकडे आले, या वेळी रंगाच्या ठिपक्यांतून. कुणी म्हणेल, या माणसाची शैली कधी ठरलीच नाही. पण विद्यार्थी बघ. ज्योती भट्ट मुद्राचित्रांकडे (ठशावरून छापलेल्या चित्रांकडे) आणि पुढे कॅमेरा घेऊन खेडोपाडीच्या भिंती-अंगणांकडे गेले. गुलाम मोहम्मद शेख गोष्टी सांगणाऱ्या चित्रांकडे गेले, शांती दवे अमूर्ताकडे. तिघांत एकही छोटा बेंद्रे नाही. मला वाटतं, गुरू स्वतःच एका जागी थांबत नव्हता, त्यामुळे नक्कल करायला एक नमुनाच हाती लागत नव्हता. हे माझं मत, कलेच्या इतिहासवाल्यांनी भांडू नये.

आपल्याकडे याच्या उलट ओढही जबर आहे, तीही सांगायला हवी. कोल्हापूर घे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली वास्तववादाची वाट, गुरूच्या मागे उभं राहून हात बघायचा. त्या बघण्यातून जे कसब येतं ते पुस्तकातून येत नाही. डेमो वाईट, असं माझं म्हणणं नाही. डेमो दे, पण दर वेळी वेगळ्या माणसाचा हात आणून दाखव, किंवा स्वतःचं चित्र मुद्दाम बिघडू दे आणि बिघडलेलं कसं सावरतोस ते दाखव. सफाईदार डेमोतून मुलं फक्त टाळ्या वाजवायला शिकतात.

आता क्लासची मुलं. ती नऊ ते चौदाची असणार आणि निम्म्यांचे पालक चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेसाठी पाठवणार. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण, ब ला ५, क ला ३. गुण आले म्हणजे पालक आलेच, आणि तुझा क्लास त्याच गुणांवर चालणार आहे, त्याला नाक मुरडू नकोस. एक मात्र कर. स्मरणचित्र (परीक्षेत दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचं चित्र) पाठ करून घेऊ नकोस. हा प्रकार सगळीकडे चालतो. बाजाराचं एक चित्र, बागेतल्या मुलांचं एक, बसस्टॉपचं एक, अशी तीन तयार करून घोटून घ्यायची आणि परीक्षेत विषय कुठलाही येवो, त्यातलं एक फिरवून बसवायचं. मी अशी स्मरणचित्रं पाहिली आहेत ज्यात 'विहिरीवरच्या बायका' हा विषय होता आणि मागे बसस्टॉपचा खांब राहून गेला होता. त्यापेक्षा दर शनिवारी पोरांना विचार, आज क्लासला येताना वाटेत काय दिसलं? मग पाच मिनिटांत, खोडरबर न वापरता, पेन्सिलीने काढायला लाव. माणसं काड्यांची आली तर काड्यांची. चार महिन्यांनी काड्यांना कंबर येते, मग एक खांदा खाली झुकतो, कारण हातात पिशवी असते.

नऊ-दहाच्या वयात आणखी एक गोष्ट होते, तयारीत राहा. आतापर्यंत बिनधास्त काढणारं मूल एकदम म्हणतं, "मला नाही येत." त्याला आता चित्र खऱ्यासारखं हवं असतं आणि हात तेवढा चालत नसतो. बरीच माणसं चित्र सोडतात ती इथे. इथे शाबासकीचा उपयोग होत नाही, मुलं हुशार असतात, खोटी शाबासकी लगेच ओळखतात. इथे त्यांना काहीतरी खरं सांगावं लागतं.

तांब्याचं सांगते. वस्तुचित्राला तांब्या ठेवला की दहातली नऊ मुलं तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेघेत. का? तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्यांना माहीत असतं, म्हणून बूड सपाट. ती माहीत असलेलं काढतात, दिसलेलं नाही. मोठेही तेच करतात. मी बोलत नाही, तांब्या हातात घेऊन मुलाच्या डोळ्यांसमोर धरते. तोंडाची एक रेघ होते. मग हळूहळू खाली नेते. रेघ उघडते, लंबगोल होते, आणखी खाली गेलं की आणखी उघडते. आता विचारते, तोंड डोळ्याच्या जवळ की बूड? तोंड. मग जास्त गोलाई कुणाला? इथे वर्गात शांतता पसरते. बूड डोळ्यापासून जास्त खाली आहे, म्हणून बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त. कुणीतरी एक मूल 'आँ!' करतं. त्या दिवशी त्या मुलाला त्याचा तांब्या बसवता येतो आणि 'येत नाही' निदान आठवडाभर बंद होतं.

हा तांब्या मी ९ वर्षं वर-खाली केला. शाळेतले बाक ठेंगणे, मी त्यांच्यामधून फिरत राहायची, वरून खाली बघत. डबे, कंपासपेट्या, वाकलेली डोकी, तेल लावलेले भांग. मला कळलंसुद्धा नाही आणि माझ्या चित्रांतलं क्षितिज गायब झालं. आधी मी समोर बघून चित्र काढणारी बाई होते, घाट आणि त्यामागचे डोंगर. शाळेतून बाहेर पडले तेव्हा मी वरून बघत होते. ताटं, ओटा, चादरीवर पडलेली मुलं, सगळं वरून. लोक म्हणाले, तुमची शैली बदलली. मी काही बदललं नव्हतं, शाळेच्या बाकांनी बदललं होतं. पुढे ती जांभळी सावली सुटली पण ही वरची नजर राहिली.

शिकवण्यात अडकलं की चित्र सुटतं, हे म्हणणाऱ्यांना मी खोटं पाडणार नाही, कारण माझ्या बॅचमधल्या कितीतरी जणांचं सुटलं. पण वेळ गेला म्हणून फारच थोड्यांचं सुटलं. शाळेला सुट्ट्या भरपूर असतात. सुटलं ते डोळा थकल्याने. दिवसभर चाळीस कागद दुरुस्त करून घरी आलं की आपल्या चित्रातही आधी चुकाच दिसतात. म्हणून वर्गानंतर ब्रशला हात लावायचा नाही. सकाळी, वर्गाच्या आधी, पाऊण तास. मोठा कॅनव्हास त्या पाऊण तासाला मानवत नाही, पाव शीट (पूर्ण कागदाचा चौथा भाग) घे. रंग पॅलेटवर आदल्या रात्रीच काढून ठेवता येतात ते जलरंगात, ॲक्रिलिक सकाळपर्यंत वाळून जातं. हेही जलरंग पुरता न सोडण्याचं एक कारण समज.

दुरुस्तीवरून आठवलं. मुलाच्या कागदावर आपला हात फिरवायचा नाही. कधीच नाही. त्याच्या चित्रात तुझी एक सफाईदार रेघ आली की बाकीचं सगळं चित्र त्याला वाईट दिसायला लागतं आणि घरी आई विचारते, "हे सरांनी काढलंय ना?" समासात काढून दाखव, फळ्यावर दाखव, स्वतःच्या वहीत दाखव. माझ्या ॲप्रनच्या खिशात कायम कोऱ्या चिठ्ठ्या असायच्या. त्यावर काढायचं, दाखवायचं आणि चिठ्ठी परत खिशात.

नोकरीचं थोडक्यात आणि स्पष्ट. डिप. ए. एड. कर, कागद हातात असलेला बरा. पण शाळेत कायमची जागा लगेच मिळेल असं धरून चालू नकोस. शिक्षणहक्क कायद्यातच सहावी ते आठवीसाठी, १०० च्या वर मुलं असतील तिथे, कलेला 'अंशकालीन निदेशक', म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, म्हटलेलं आहे. अंशकालीन म्हणजे पगारही अंशकालीन. निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी असलेल्या शाळा तुझ्या तालुक्यातही असतील. खासगी शाळा कलाशिक्षक घेतात, पण तिथे स्नेहसंमेलनाचं स्टेज, फलकलेखन, मुख्याध्यापकांच्या निरोपाची मानपत्रं हे सगळं तुझ्याकडे येणार, हे आधीच धरून चाल. अक्षर चांगलं आहे हे मुलाखतीत सांगू नकोस.

आणि शिकवणं हाच एक मार्ग आहे असंही नाही. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात (हातमागाच्या कापडाच्या डिझाइनचं सरकारी केंद्र) नोकरी करत होते, साठच्या दशकात काही वर्षं त्यासाठी बनारसला होते, आणि त्या बनारसने त्यांच्या चित्रात तंत्रमार्गातली चिन्हं आणली. कापडाचं डिझाइन, छपाई, नेपथ्य, पुस्तकांची चित्रं, यातलं काहीही पोटापाण्याला चालतं. शिकवायला जायचं असेल तर मुलं आवडतात म्हणून जा. सुरक्षित आहे म्हणून जाणार असशील तर जाऊ नकोस, कारण सुरक्षित ते राहिलेलं नाही.

पण तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, तू ते सहज लिहून गेलास. भाचीला झाड काढायला शिकवताना तिने तुला विचारलं, "मामा, फांद्यांच्या मधलं आभाळ कुठल्या रंगाचं?" आणि तू दोन दिवस त्याचाच विचार करत होतास. ज्याला असं दोन दिवस पुरतं त्याने क्लास घेऊन बघावा. एक वर्ष घे, फक्त शनिवार-रविवार. तोवर गेरू-निळ्याबद्दल वर्गात चकार शब्द काढू नकोस. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर, ते बाहेरच्या आभाळापेक्षा किंचित गडद लावायचं, नाहीतर फांद्यांमध्ये भोकं पडल्यासारखी दिसतात. हे तुला ठाऊक असेलच, पण तिला सांगू नकोस, तिला खिडकीशी उभी कर.

पहिल्या शनिवारी तांब्या घेऊन जा. स्टीलचा नको, त्यात खिडकी चमकते आणि पोरं तांब्या सोडून चमक काढत बसतात. पितळी ने, न घासलेला.